बांडेबुचे सरांचा गोटा

बांडेबुचे सर गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मधली सुट्टी संपत आली होती. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि कोणीतरी सरांचा काळा चष्मा लावलेला फोटो टाकून खाली 'थोर ग्रहशोधक' असं लिहिलं होतं. मीही हात जोडलेलं एक चित्र टाकलं आणि नववी 'ब'च्या तासाला गेलो. त्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही, पण शिकवलं. घरी येऊन जेवलोही. रडू येईल म्हणून वाट पाहिली, ते आलं नाही. राग मात्र येत राहिला, तो त्या 'ग्रहशोधक' शब्दाचा. सरांनी ग्रह शोधला नव्हता. त्यांना दिसला तो एक दगड होता, आणि तो खरंच होता की नाही, या एका गोष्टीवर त्यांची शेवटची वर्षं अडकून पडली होती.

सिहोऱ्याच्या आमच्या शाळेत सर गणित आणि विज्ञान शिकवायचे, मी इंग्रजी. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते, तरी पहिल्या दिवसापासून ते मला 'बोपचे सर' म्हणत. कधी एकेरीवर आले नाहीत. उंच, खांद्यात जरा वाकलेले, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. स्कूटरला कुलूप लावून चार पावलं आले की परत जाऊन कुलूप ओढून पाहायचे. स्टाफरूममध्ये कोणी सांगितलं की तुमसरची बस गेली, तर सर बाहेर जाऊन रस्ता बघून येत. वर्गात एखाद्या पोराने बरोबर उत्तर सांगितलं तरी 'बरोबर' म्हणत नसत. 'एक डाव अजून पाहा' म्हणत. पोरगं गोंधळून बरोबर उत्तर खोडायचं आणि चुकीचं लिहायचं. मग सर शांतपणे विचारायचे, "काहून बदलवलं? कोणी चूक म्हटलं होतं का तुले?" पोरं वैतागायची. आम्हीही वैतागायचो.

ते मूळचे आंबागडचे, घरी धानाची शेती. लहानपणी आई त्यांना बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, उतरवायची ती रानधान उपटायला. हे रानधान धानातच उगवतं आणि लोंबी येईपर्यंत धानापासून वेगळं ओळखू येत नाही. घाईने उपटलं तर आपलंच पीक हातात येतं. सरांनी एकदा असं बरंच पीक उपटलं होतं आणि आईने त्यांना दिवसभर त्याच बांधीत उभं ठेवलं होतं. "तवापासून मले घाई जमत नाही," असं ते सांगायचे. हे सांगताना हसायचे नाहीत, त्यामुळे आम्हीही हसत नसू.

एकदा आम्ही पोरांची सहल आंबागडच्या किल्ल्यावर नेली होती. उतरताना झुडपात काहीतरी तपकिरी हललं आणि कोणीतरी 'बिबट' म्हणून ओरडलं. पोरं पळाली, मी पळालो, मुख्याध्यापक तर सगळ्यांच्या पुढे. सर मात्र तिथेच उभे, मान पुढे काढून झुडपाकडे बघत. थोड्या वेळाने झुडपातून एक वासरू बाहेर आलं. खाली आल्यावर मुख्याध्यापक रागावले. म्हणाले, "बांडेबुचे, बिबट असता तर?"

"तर दिसला असता जी," सर म्हणाले. "पाह्यल्याबिगर पळाचं कायले?"

त्यांना शुगर होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि सरांनी ते स्वतःच्या डब्यापुरतं इमानदारीने पाळलं होतं. दुसऱ्याच्या डब्यातला अनारसा मात्र 'चवीपुरता' चालायचा. त्यांच्या पत्नी कांता काकू मला फोन करून विचारायच्या, "सर, आज काय खाल्लं जी यायनं?" मी खरं काय ते सांगायचो. मग सर दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच डब्याचं झाकण उघडून बघायचे.

नागपूरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं, तिथून सर ही लघुग्रह शोधायची मोहीम घेऊन आले. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात, तेच लघुग्रह. दूर कुठल्याशा देशात, डोंगरावरची एक मोठी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो काढते. मोहिमेत नाव घातलेल्या शाळांना ते फोटो इंटरनेटवर मिळतात. फोटो उलटे केलेले असतात, म्हणजे आकाश पांढरं आणि तारे काळे. ते एकामागून एक भरभर फिरवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका चारही फोटोंत एका रेषेत, सारख्या अंतराने सरकला, तर तो लघुग्रह. तो आधी कोणाला ठाऊक नसेल तर कळवायचं.

आमच्या संगणक कक्षात खिडकीजवळचा एकच संगणक नीट चालायचा. सर जेवणाच्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तिथे बसायचे. 'बांडेबुचे सर दिवसा तारे पाहतात' ही थट्टा आम्हाला महिनाभर पुरली. मुख्याध्यापकांनी एकदा दारात उभं राहून विचारलं, "याचा बोर्डाच्या निकालाले काय उपयोग?"

"काहीच नाही जी," सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. मुख्याध्यापक वाद घालायला आले होते, ते तसेच परत फिरले.

अशा दोन-तीन मोहिमा झाल्या. हाती काही लागलं नाही, आणि त्याचं सरांना काही वाटलंही नाही. मग ती मोहीम आली. पहिल्याच आठवड्यात एक दिवस सर माझ्या खुर्चीजवळ आले आणि म्हणाले, "बोपचे सर, मले आजकाल तारे लय दिसून राहिले."

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण त्यांना खरंच काळे ठिपके दिसत होते. भिंतीवर, वहीवर, ताटातल्या भातावर. पांढऱ्या पडद्यावर तर आकाशातले ठिपके कुठले आणि डोळ्यांतले कुठले, हेच कळेना. सरांनी त्यावर तोड काढली होती आणि ती मला फार खुशीत येऊन सांगितली. डोकं एका बाजूला झुकवायचं. ठिपका आपल्यासोबत झुकला तर तो आपला. जागीच राहिला तर तो वरचा.

मी हसलो नाही. म्हटलं, "सर, हे शुगरचं आहे. डोळ्यांत रक्त उतरत असेल. उद्याच नागपूरला दाखवा."

"दाखवतो. मोहीम संपू द्या. आता उठून गेलो तर फोटो मुदतीत पाहून होत नाहीत."

"मोहिमा पुन्हा येतात सर."

"डोळे बी आहेतच ना," ते म्हणाले आणि पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले.

मी काकूंना फोन करून सांगितलं. घरी भांडण झालं. सरांनी सोमवारी नागपूरला जायचं कबूल केलं. सोमवारी फोटोंचा नवा संच आला आणि ते गेले नाहीत.

त्याच संचात त्यांना तो ठिपका दिसला. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी वाकून पाहिलं. करड्या दाण्यांनी भरलेलं पांढरं आकाश, त्यात काळे तारे. सर बोट दाखवत होते तिथे मला कधी काहीतरी आहे असं वाटायचं, कधी नाही. सरांनी डोकं डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं. म्हणाले, "पाहा, मी हललो, तो नाही हलला." ती सगळी दुपार ते त्या चार फोटोंसमोर बसून होते. मग म्हणाले, "आहे." इतक्या वर्षांत कशाबद्दलही त्यांना इतकं सरळ 'आहे' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. त्यांनी मोजमापं पाठवून दिली.

त्यानंतर काही दिवसांनी दहावीच्या तासाला सर गणित सोडवत होते. मी शेजारच्या वर्गात होतो. फळा भरत आलेला होता. सर लिहिता लिहिता थांबले, वळले आणि म्हणाले, "फळा कोणं पुसला रे?"

पोरं हसली. मग सर रागावतील म्हणून गप्प झाली. सर रागावले नाहीत. त्यांनी तळहाताने फळा चाचपला. हाताला खडू लागला. तो हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, खाली केला, आणि खुर्ची चाचपत बसले. एका मुलीला म्हणाले, "बोपचे सरांले बोलाव." मी आलो तेव्हा ते अगदी सरळ बसले होते आणि वर्ग इतका शांत होता की मला आधी वाटलं परीक्षा चालू आहे.

उजव्या डोळ्याने त्यांना आधीपासूनच कमी दिसत होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी डावाही रक्ताने भरला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होते?" सरांनी खरं उत्तर दिलं. डॉक्टरांना ते समजलं नाही. काकूंना समजलं.

ऑपरेशनं झाली. दिवस आहे की रात्र आणि समोर माणूस उभा आहे, एवढं कळण्याइतकी नजर उरली. सरांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. तेवढ्यात मोहिमेकडून प्रमाणपत्र आलं. त्यावर 'प्राथमिक शोध' असं लिहिलं होतं. म्हणजे त्या रात्रीच्या फोटोंत काहीतरी असावं असं वाटतं, पण ते पुन्हा कुठे दिसलं तरच पक्कं धरायचं. सिहोऱ्याने 'प्राथमिक' हा शब्द वाचलाच नाही. चौकात बॅनर लागला, मंडप पडला, शाल-नारळ आले. एक वक्ता म्हणाला की सरांनी दहावा ग्रह शोधला. नववा कुठला ते कोणी विचारलं नाही. सरपंच म्हणाले, ग्रहाला सिहोऱ्याचंच नाव पाहिजे, यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या एकाने आपल्या पुढाऱ्याचं नाव सुचवलं, यावरही पडल्या.

सरांना माईकजवळ नेऊन उभं केलं. ते म्हणाले, "बाप्पा, अजून पक्कं नाही. प्राथमिक म्हंजे ते म्हणतात, तुमाले दिसला असंल, आमी पाहू." याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, सर विनयाने बोलताहेत. काकू मंडपाच्या कडेला बायकांमध्ये उभ्या होत्या. स्टेजवर चला म्हणून बायांनी ओढलं, पण त्या गेल्या नाहीत.

सरांची मुलगी कारध्याला दिली होती. भंडारा पुलापलीकडे, दवाखाना जवळ, म्हणून तिने आईवडिलांसाठी आपल्या घराशेजारी दोन खोल्या पाहिल्या आणि सर वैनगंगेच्या काठी राहायला गेले. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. त्यांना इंग्रजी मेल वाचून दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. दरवर्षी ते माझ्याकडून एक मेल लिहून घ्यायचे, आमच्या त्या ठिपक्याचं पुढे काय झालं म्हणून. उत्तर यायचं की अजून काही सांगता येत नाही. कधी उत्तरच यायचं नाही.

घरात हा विषय काढायचा नाही, हे मला पहिल्याच भेटीत कळलं. काकू त्याला 'गोटा' म्हणायच्या. भांडखोर नव्हत्या त्या, सरांचं सगळं करायच्या, इन्सुलिन द्यायच्या, नखं कापायच्या. पण मेल हा शब्द कानावर पडला की उठून आत जायच्या आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा. एकदा मला सरळ म्हणाल्या, "सर, त्या गोट्यापायी यायनं डोरे देल्ले. आन् गोटा हाये का नाही तेबी मालूम नाही. मी कोनाले सांगू हे?"

सिहोऱ्याला चहाच्या टपरीवर एक दिवस आमचा जुना विद्यार्थी भेटला, आता तो औषधाचं दुकान चालवतो. म्हणाला, "सरायले तवा डोळ्यापुढं ठिपके दिसत होते ना? मंग त्यातलाच एकादा असंल." वाईट बुद्धीने नव्हता बोलला. पण अशी गोष्ट पूल ओलांडून जायला वेळ लागत नाही. पुढच्या खेपेला गेलो तर सरांनी बसल्या बसल्या विचारलं, "टपरीवर काय बोलून राहिले लोक?"

मी टाळलं. सर म्हणाले, "मले बी तसंच वाटते कधी कधी. दाणे होते फोटोत. डोळे खराब होते. माणूस जोडते ना जी रेघ, त्याले पायजे असली तर." मग म्हणाले, "बोपचे सर, तो वरचा असंल तर ठीक आहे. गेले डोळे, कायच्या तरी कामी गेले. पण माझाच असंल तर मी हिले काय तोंड दाखवू?" आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी पाणी प्यायलो. त्या वेळी मला फार वाईट वाटलं. पुढे दर भेटीला तेच, तसंच वाटत राहिलं, आणि हळूहळू ते वाटणंही बोथट होत गेलं.

यंदा कापणीच्या दिवसांत मी शेवटचा गेलो. कारध्याच्या रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलं होतं, त्यातून वाट काढत गाडी नेली. दुपारची वेळ, सर पायरीवर बसलेले होते, काकू आत. मी फोनवर त्यांचा मेल उघडला. उत्तर आलं होतं.

मी आधी मनात वाचलं. लिहिलं होतं की, तुमच्या शाळेने त्या रात्री मोजलेली वस्तू आता ओळखली गेली आहे. दुसऱ्या एका दुर्बिणीने ती त्याच्या काही वर्षं आधीच नोंदवलेली होती. मधल्या काळात ती पुन्हा पुन्हा दिसली, कक्षा पक्की झाली, तिला क्रमांक मिळाला. नियमाप्रमाणे शोधाचं श्रेय आणि नाव द्यायचा अधिकार आधी पाहणाऱ्यांचा. तुमच्या सहभागाबद्दल आभार.

मला वाटलं, संपलं. डोळेही गेले आणि दगडही दुसऱ्याचा निघाला. सांगावं की काही आलंच नाही, असं मनात येऊन गेलं. पण सरांना माझ्या गप्प बसण्यावरूनच कळलं. "थांबले काहून? वाचा."

मी वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. आवाज जसा निघाला तसा निघू दिला. सर मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे त्यायनं बी पाह्यला?"

"हो सर. तुमच्या आधी."

"तोच?"

"तोच. कक्षा जुळली म्हणतात. तुमची मोजमापं त्यात बसतात."

मला वाटलं आता सरांना धरावं लागेल. मग ते म्हणाले, "त्यायच्या दुर्बिणीले तर शुगर नव्हती."

मला समजायला वेळ लागला. मी म्हटलं, "नाही सर."

"मंग तो होता." त्यांनी मान वर केली. "होता तो. वरचाच होता." नाव कोणाचं लागणार, क्रमांक किती, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

मी निघालो तेव्हा काकू फाटकापर्यंत माझ्यामागे आल्या. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आज भांड्यांचा आवाज आला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"सर, खरं सांगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यायचं मन राखाले तर नाही ना वाचलं तसं?"

"नाही काकू. लिहिलंय तेच वाचलं. मन राखायचं असतं तर शोध तुमचाच आहे, असं वाचलं असतं."

त्यांनी हे मनात ताडून पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं. "मी लय बोलली हो सर यायले. रोजच बोलली." पायरीवरून सरांनी हाक मारली, "कांता, गेले का बोपचे सर?"

"निंगालेच जी," त्या म्हणाल्या आणि मला हाताने 'जा' अशी खूण केली.

मी गाडी सुरू न करता रस्त्यापर्यंत ढकलत नेली. तिथून वळून पाहिलं. काकू पायरीवर सरांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं असावं, कारण सर हात लांब करून, ठिपका कुठून कुठं आणि कसा सरकला, ते त्यांना हवेत बोटाने दाखवत होते. काकू त्या बोटाकडे पाहत होत्या.